कळंब्याचं पाणी बघायला जाताना

तू पाठवलेला फोटो मी तीनदा मोठा करून बघितला. राखाडी आभाळ, काळसर पाणी, पाण्यात गेलेला लाकडी धक्का आणि झाडांच्या आडून डोकावणारं दगडी चर्च. खाली तू लिहिलं होतंस, "आजोबा, हे लोमंड तळ्याकाठचं लस गाव. इथं उभी राहिले आणि कळंब्याचा बांध आठवला." दुसऱ्याच दिवशी तुझा फोन. जानेवारीच्या शेवटी येतेस, बरोबर ग्लासगोच्या दोन मैत्रिणी आहेत, त्यांना आपलं तळं दाखवायचंय, कसं दाखवायचं ते सांगा.

फोनवर सांगून हे व्हायचं नाही पोरी, म्हणून लिहून ठेवतोय. यातलं निम्मं माझ्या वडिलांचं आहे. आबांचा जन्म त्या बांधाच्या सावलीत गेला. मी पुढं पाणीपुरवठ्यात चावीवाला झालो. पहाटे उठायचं, लोखंडी चावी खांद्यावर टाकायची, वॉल सोडायचे, तास मोजायचे, वॉल बंद करायचे. पाणी बघण्यातच माझी हयात गेली. त्यामुळं ते कसं बघावं एवढं तरी मला सांगता येईल.

आधी मैत्रिणींना हे सांग, की कळंबा हे पिण्याच्या पाण्याचं तळं आहे. संस्थानच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, कोल्हापूर शहराला पाणी पाजण्यासाठी ते बांधलं. कात्यायनीच्या डोंगराकडून येणारं पाणी अडवायचं आणि उतारानं नळातून शहरात न्यायचं. त्या वेळी ना वीज होती ना पंप. पाण्याला उतार दिला की ते आपल्या पायानं चालतं, एवढ्या एका गोष्टीवर सगळी योजना उभी होती. शहरात पाण्याचा खजिना नावाची जागा आहे, तिथनं तू शंभर वेळा गेली असशील. पाणी साठवायच्या जागेला आपल्या लोकांनी खजिना म्हटलं. पाण्याची किंमत त्यांनी कशी केली होती ते त्या एका शब्दावरून कळतं.

हे तुझ्या मैत्रिणींना पटकन उमगेल, कारण त्यांच्या घरातही तसंच पाणी येतं. तूच मागं सांगितलं होतंस ना, ग्लासगोच्या नळाला कॅट्रिन नावाच्या तळ्याचं पाणी येतं म्हणून? त्यावर मी माझ्या एका जुन्या साहेबांकडून पुस्तक आणून वाचलं. तिथंही पटकीच्या साथी येऊन गेल्या, माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली, मग शहरानं डोंगरातलं तळं धरलं आणि सुमारे 41 किलोमीटर पाणी उतारानं आणलं. 1859 साली व्हिक्टोरिया राणीनं स्वतः जाऊन ती योजना सुरू केली. त्या तळ्यात सर वॉल्टर स्कॉट नावाची आगबोट शंभराहून जास्त वर्षं फिरतेय. पाणी खराब होऊ नये म्हणून ती साध्या दगडी कोळशावर चालवत नसत, आणि आता तिला वनस्पतीच्या तेलापासून केलेलं इंधन घालतात. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि थोडा वेळ तसाच बसून राहिलो. लोक हौसेनं बघायला जातात ते तळं आणि लोक पितात ते तळं एकच असू शकतं, आणि दोन्ही नीट चालू शकतं. आपल्याकडंही हेच व्हावं म्हणून आबा मरेपर्यंत लोकांशी भांडत राहिले.

आबांचा पहिला मंत्र हाच होता. तळ्यावर जायचं ते दुसऱ्याच्या घरातल्या पाण्याच्या हंड्याजवळ जावं तसं. बघावं, हात जोडावेत, हात घालू नये. कुणाच्या घरी गेल्यावर आपण त्यांच्या माठात बोटं बुडवत नाही. मग तळ्यात पाय सोडून का बसायचं? लहानपणी मी म्हशी धुवायला तळ्यात घातल्या, त्या दिवशी आबांनी मला मारलं नाही. रात्री जेवताना त्यांनी माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाले, "पी. सकाळी म्हस धुतलीस तेच पाणी हाय." मला तो घोट गिळवेना. नंतर कधी मी साबण, गाडी, जनावर काहीच पाण्याजवळ नेलं नाही.

म्हणून रोट्या, बिस्किटं, हार, निर्माल्य काहीसुद्धा पाण्यात टाकायचं नाही. मैत्रिणी तिकडच्या सवयीनं बदकांना पाव टाकू म्हणतील, तर टाकू देऊ नकोस. पाव तळाशी जाऊन कुजतो, कुजलेल्या अन्नावर शेवाळ माजतं आणि मग केंदाळाला रान मोकळं. रंकाळ्याचं काय झालं ते तू लहानपणी नाक धरून बघितलंयस. शहराचं सांडपाणी त्या तळ्यात येत राहिलं, केंदाळ वाढत राहिलं आणि माणसं ते काढत राहिली. रंकाळा माझाही जीव आहे, संध्याकाळची भेळ तिथंच खायची. पण एका शहराला एक रंकाळा बघून शहाणपण यायला पाहिजे.

आता जायचं कधी ते सांगतो. तुम्ही येताय ते दिवस सोन्यासारखे आहेत. 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारीला अंबाबाईचा किरणोत्सव असतो. मावळत्या सूर्याची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात शिरतात, पहिल्या दिवशी देवीचे पाय, मग वर चढत तिसऱ्या दिवशी चेहरा. आभाळात ढग असला, धूळ असली, तर किरण मधेच विरतो, तेव्हा तिन्ही दिवस गाठायची तयारी ठेवा. म्हणजे संध्याकाळ देवळात गेली. तळ्यासाठी सकाळ राहिली, आणि तळं बघायचं ते सकाळीच.

सकाळी म्हणजे उजाडल्यावर नव्हे. थंडीतल्या पहाटे हवा गार झालेली असते आणि पाण्यात दिवसाची ऊब अजून धरून असते, म्हणून पाण्यावरनं वाफ उठते. चुलीवरच्या हंड्यावर सुरुवातीला दिसते तशी, पातळ, पाण्यालगत सरकणारी. सूर्य वर आला की अर्ध्या तासात ती नाहीशी होते. आठ वाजता पोचलीस तर चांगलं तळं दिसेल. सहाला पोचलीस तर पाणी कुठं संपतं आणि हवा कुठं सुरू होते ते कळणार नाही. त्या घटकेला बोलायचं नाही. बोलावंसं वाटलं तरी नाही.

अंबाबाईच्या देवळापासून तळं पाच-सहा किलोमीटर आहे. केएमटीची बस आहे, पण पहाटे तिच्या भरवशावर राहू नको. संभाजीनगर स्टँडवरनं गारगोटी रस्त्याला लागायचं, आयटीआय मागं टाकायचं आणि पुढं कारागृहाची भिंत लागते. तिथं मोबाईल खाली ठेवायचा. जेलचे फोटो काढायचे नसतात, हे तुझ्या मैत्रिणींना आधीच सांग, कारण उंच भिंत आणि मनोरा दिसला की परक्या माणसाचा हात आपोआप कॅमेऱ्याकडं जातो. या कारागृहातल्या हातांनी कैक वर्षं अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू वळलेत, तेही त्यांना सांग. भिंतीच्या फोटोपेक्षा ही गोष्ट घेऊन त्या परत गेल्या तर मला बरं वाटेल.

गाडी बांधाच्या अलीकडं लांब लावायची आणि चालत यायचं. याला कारण आहे. गाडीतनं उतरून एकदम पाण्यासमोर उभं राहिलं की डोळा नुसता "वा" म्हणतो आणि दोन मिनिटांत कंटाळतो. चालत चढ चढला, दम थोडा लागला, आणि मग बांधाच्या माथ्यावर पाणी एकदम पुढं आलं, की ते बघायला मन तयार असतं. आबा पाहुण्यांना मुद्दाम लांबच्या वाटेनं आणायचे. मी तुझ्या आजीला लग्नानंतर पहिल्यांदा आणलं तेव्हा तसंच आणलं होतं. ती वाटभर कुरकुरली, आणि वर आल्यावर पदर तोंडाला लावून उभी राहिली.

बांधावर दक्षिणेकडं तोंड करून उभी राहा. पाठीशी शहर, समोर पाणी, पाण्यापलीकडं कात्यायनीचे डोंगर. डाव्या हाताला दिवस उगवेल. डोंगर आधी उजळतात, पाणी नंतर, आणि बांध सगळ्यात शेवटी. उजेड उतरत उतरत आपल्या पायाशी येतो, तोपर्यंत हलायचं नाही. त्याच डोंगरांकडनं निघालेली जयंती नदी शहरात शिरल्यावर नाला होते आणि शेवटी पंचगंगेला मिळते. डोंगर, नदी, तळं, शहर एका नजरेत जोडून बघता येतील अशा जागा कोल्हापुरात थोड्या आहेत. मैत्रिणींनी विचारलं, "तुमच्या तळ्याकाठी चर्च नाही का?" तर डोंगराकडं बोट दाखव. तिथं कात्यायनी बसलीय, पाण्याच्या वरच्या अंगाला. कोल्हापुरात चर्चही जुनी आहेत. रॉयल वाइल्डर नावाचा अमेरिकन मिशनरी 1852 साली इथं आला, त्याच्या नावाचं वाइल्डर मेमोरियल चर्च आपल्या शहरात आहे. नाताळात आबा तिथल्या एका गवंड्याकडं फराळाला जायचे. दोघांनी मिळून बांधाच्या दुरुस्तीचं काम केलेलं होतं. रविवारी दुपारी ते दोघं बांधावर भेटत, एक देवळाकडनं यायचा आणि एक चर्चकडनं.

आता पायात काय घालायचं. कोल्हापुरात आल्यावर मैत्रिणी पहिल्याच दिवशी कोल्हापुरी चपला घेतील, आणि घ्याव्यातच. पण तळ्यावर त्या नकोत. कातड्याचा तळवा ओल्या दगडावर साबणासारखा सटकतो. रबरी तळव्याचे बूट घाला. बांध मातीच्या भरावाचा असतो आणि पाण्याच्या अंगाला त्यावर दगड रचलेले असतात, त्याला आम्ही पिचिंग म्हणतो. पाणी खाली गेलं की जो दगडांचा पट्टा उघडा पडतो, तो सुकलेला दिसतो पण सुकलेला नसतो. शेवाळ वर करडं पडतं, आत हिरवं आणि बुळबुळीत राहतं. आबांनी शिकवलेली रीत सांगतो. दगडावर पाय ठेवायच्या आधी टाचेनं एकदा घासायचं. टाचेखाली हिरवी रेघ उमटली तर तो दगड आपला नाही, मागं फिरायचं. मी अजून तसंच करतो. आणि मुळात त्या दगडांवर उतरायचं कशाला? वरनं सगळं दिसतं.

पिचिंगचा दगड उचलून पाण्यात भाकऱ्या मारायच्या नाहीत, हे मी हात जोडून सांगतोय. लहान पोरं हे करतात, मोठीही करतात. तुम्हाला एक दगड दिसतो. पण वाऱ्यानं लाट येते ती दिवसरात्र येते, आणि दगड निघालेल्या जागी ती थेट माती चाटते. थोडी माती गेली की शेजारचा दगड सैल होतो, मग त्याच्या शेजारचा. पावसाळ्यापूर्वी आबा पूर्ण बांध पायी चालायचे आणि निखळलेले दगड परत बसवायचे. त्यांचे हात मी बघितलेत, नखं तुटलेली असायची. बांधावर मोठी झाडं का लावत नाहीत असंही लोक विचारतात, सावली होईल म्हणतात. झाड मेलं की मूळ कुजतं, आणि कुजलेल्या मुळाच्या जागी मातीत आरपार नळी तयार होते. पाण्याला तेवढी वाट पुरे. उंदीर-खेकड्यांची बिळंही त्याच धाकानं बुजवायची. बांध बोडका दिसतो, पण तो तसाच असलेला बरा. मैत्रिणींना ऊन लागलं तर टोपी द्या.

पक्ष्यांसाठी तुझ्या मैत्रिणी दुर्बीण आणतील. त्यांना पांढऱ्या बगळ्यापेक्षा वारकरी दाखव. काळा कुळकुळीत, कोंबडीएवढा, आणि कपाळावर पांढरा टिळा चोचीपासून वर गेलेला. पाण्यावर थव्यानं बसतात, माना पुढंमागं हलवत. उडायचं झालं की एकदम उडता येत नाही, पाण्यावरनं पाय आपटत लांबवर पळतात, फटफटफट आवाज येतो आणि मागं पाण्यावर पावलांची ओळ उमटते. आमच्या आईला वाटायचं, पंढरीला निघालेत. टिबुकली तर एवढीशी असते, बघता बघता बुडते आणि तू जिथं बघत असशील तिथं कधीच वर येत नाही. पाणकावळा दगडावर पंख पसरून वाळवत बसलेला असतो. रंगीत कपडे नकोत, खाकी-मातकट घाला. आणि मोबाईलवर गाणी लावून येणाऱ्यांशी भांडू नका, थोडं पुढं चालत जा. तुमच्या वयात मी भांडलो. उगाच सकाळ नासवून घेतली.

आता जरा थांबून नीट वाच, यापुढचं मी सगळ्यात काळजीनं लिहितोय.

पाण्याकडं पाठ करून उभं राहायचं नाही. आबांचं हे वाक्य घरातल्या प्रत्येक पोरानं ऐकलंय. हल्ली सगळे नेमकं तेच करतात. पाण्याकडं पाठ, हातात मोबाईल, आणि "अजून थोडं मागं" म्हणत एकेक पाऊल मागं. फोटो काढायचा असेल तर दुसऱ्यानं काढायचा, आणि ज्याचा काढायचा त्यानं बसायचं. बसलेला माणूस पडत नाही.

पोहायचं नाही. पोहता येतं म्हणून तर मुळीच नाही. तलावाचं पाणी वरनं उबदार असतं, दोन पुरुष खाली गार असतं आणि तळाचा गाळ पाय धरतो. तू फोटो पाठवलास त्या लस गावच्या चर्चची गोष्ट तुला कुणी सांगितली का? आत्ताचं चर्च 1875 सालचं आहे. तिथल्या जमीनदार घराण्यातले सर जेम्स कोहून 1873 च्या डिसेंबरात शिकारीहून नावेनं परतत होते. त्या तळ्यात नाव बुडाली, ते गेले, बरोबरची माणसंही गेली. मग मुलानं बापाच्या आठवणीत ते चर्च बांधलं. जन्मभर त्याच काठी राहिलेला माणूस होता तो. तळ्याची ओळख आहे म्हणून तळं सोडत नाही.

माझी गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे, आज पुरी सांगतो. मी बारा वर्षांचा असेन. उन्हाळा कडक होता, पाणी तळाला गेलेलं आणि तळ्याचा अर्धा तळ उघडा पडलेला. जमिनीला भेगा, खपल्यांच्या कडा वर वळलेल्या, अगदी वाळलेल्या पापडासारख्या. एक रेडकू चरत आत गेलं, मी त्याच्या मागं गेलो. पंधरा-वीस पावलं ठणठणीत होती. मग एक खपली पायाखाली दबली, परत वर आली नाही, आणि मी गुडघ्यापर्यंत आत. दुसरा पाय टाकून बाहेर निघायला गेलो तर मांडीपर्यंत. गाळ गार होता. वर एवढं ऊन आणि आत तो गारवा, ते अजून अंगावर येतं. ओरडलो. आबा बांधावरनं धावत आले, पण माझ्याजवळ नाही आले. लांबच थांबले आणि ओरडले, "उभा राहू नगंस! आडवा हो! पोटावर पड!" मला ते उलटंच वाटलं, पण पडलो. त्यांनी डोईचा पटका सोडला, त्याला गाठ मारली आणि माझ्याकडं फेकला. मी मनगटाला गुंडाळला. ते ओढत होते आणि सांगत होते, "पाय झाडू नगंस, सरपटत ये." अर्धा तास लागला असेल. रेडकू आपलं आपण बाहेर आलं होतं. आबांनी मला घरी नेलं नाही, तिथंच बांधावर बसवलं आणि अंगावरचा चिखल वाळेपर्यंत माझ्या शेजारी बसून राहिले. एक अक्षर बोलले नाहीत. त्यांचे हात थरथरत होते.

म्हणून तुला सांगतो. पाणी ओसरलेला तळ कितीही वाळलेला दिसू दे, त्यावर जायचं नाही. कुणी रुतलं तर त्याच्याजवळ पळत जायचं नाही, लांबनं ओढणी, साडी, दोर, फांदी जे मिळेल ते फेकायचं. रुतलेल्यानं आडवं व्हायचं. बुडणाऱ्यालाही हेच, आधी वस्तू टाकायची, स्वतः उडी मारायची नाही. पोहणारा बुडणाऱ्याबरोबर गेलेला मी या डोळ्यांनी बघितलाय.

पावसाळ्यात परत आलीस तर सांडवा बघ, पण काठावरनं. तलाव भरला की जास्तीचं पाणी सांडव्यावरनं पडतं. लोक त्यात उभं राहून भिजायला जातात. गुडघाभर वाहतं पाणी धडधाकट माणसाला पाडतं, आणि एकदा पडला की ते त्याला उठू देत नाही. कात्यायनीच्या डोंगराचा माथा ढगात गेला की पंधरा मिनिटांत बांधावर पाऊस येतो, हा आबांचा हिशेब. मी तो वर्षानुवर्षं ताडून बघितलाय, फार क्वचित चुकलाय. माथा दिसेनासा झाला की घराकडं वळायचं.

पावसाळ्याचं निघालंच आहे तर त्र्यंबोलीचं सांग त्यांना. आषाढात पंचगंगेला नवं पाणी आलं की कुमारिका डोक्यावर घट घेऊन त्र्यंबोलीच्या, म्हणजे टेंबलाईच्या, टेकडीवर जातात, पुढं पी ढबाक वाद्याचा सूर. तुझ्या आईनं सात वर्षांची असताना घट घेतला होता, हिंदकळून निम्मं पाणी तिच्याच अंगावर सांडलं, आणि ती वर पोचेपर्यंत रडली नाही. पाणी आधी देवीच्या पायाशी, मग आपल्या तोंडात. 2023 च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाईपलाईननं शहरात आलं तेव्हाही लोकांनी त्याची पूजा केली, मीही गेलो होतो. नवं पाणी आलं म्हणून जुन्या तळ्याची निगा सैल पडू नये, एवढं मात्र मनात येत राहिलं. काळम्मावाडीचं पाणी यायला वीज लागते, लांबचा नळ लागतो. महापूर आला, 2019 ला आला, 2021 ला आला, तेव्हा नदीकाठचे पंप पाण्याखाली गेले आणि चोहीकडं पाणी असून शहर घोटाला महाग झालं. उंचावरचं जवळचं तळं तेव्हा कामाला येतं. हे मी चावीवाला म्हणून सांगतोय.

बारीकसारीक गोष्टी. घरनं निघण्याआधी सगळ्यांनी मोरीकडं जाऊन यायचं, तिथं आडोसा शोधत फिरायची वेळ नको. कानटोपी किंवा मफलर घ्या. स्कॉटलंडच्या पोरी हसतील, पण बांधावरचा पहाटवारा कानात शिरतो आणि दिवसभर निघत नाही. पाण्याच्या बाटल्या घरच्या, स्टीलच्या. कचऱ्यासाठी एक कापडी पिशवी, आणि वाटेत दुसऱ्याचा दिसला तर तोही त्यातच. कुत्री असतात, ती काही करत नाहीत, फक्त पळायचं नाही. ड्रोन वगैरे आणू देऊ नको, शेजारी जेल आहे आणि पक्षी उठतात.

खाणं बांधावर नाही. तळं बघून झालं की गुऱ्हाळावर जायचं. जानेवारीत गुऱ्हाळं ऐन भरात असतात. लांबनं धुराची चिमणी दिसते आणि वास तर त्याआधीच येतो. काहिलीत रस उकळत असतो, त्यात भेंडीच्या खोडांचा चीक घालतात, मग मळी वर येते आणि ती काढून टाकली की रस निवळतो. गुळव्या थेंब पाण्यात टाकून बोटानं दाबून बघतो. पाक आला की नाही ते त्या बोटाला कळतं. त्याच्या कामाच्या वेळी त्याला प्रश्न विचारायचे नाहीत, एका मिनिटानं पाक पुढं जातो. काहील उतरली की तो आपणच हसतो, तेव्हा विचारायचं. गरम काकवी भाकरीवर घेऊन खायची. तुझी आजी भाकऱ्या आणि खर्डा बांधून देईल. मैत्रिणींना खर्डा आधी नखाएवढाच द्या.

मला बरोबर यायचंय. गुडघ्यानं लांबची वाट होणार नाही असं तुझी आई म्हणेल, तिचं ऐकू नको. मी सावकाश येईन, तुम्ही वर जाऊन उभ्या राहा. माझ्यासाठी मागं वळून बघू नका, समोर बघा. जोत्यावर बॅटरी आणि माझी काठी काढून ठेवलेली असेल. मी पावणेपाचला दार वाजवतो.